बाळाच्या किडन्यांविषयी, ऑपरेशनच्या आधी

प्रिय ताई,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर तू हृदयातल्या भोकाबद्दल सगळं विचारलंस, किडनीबद्दल एक अक्षर नाही. आईबाप सहसा विचारतच नाहीत. इथे मुलांच्या हार्ट आयसीयूत रात्रपाळीला माझं मात्र जितकं लक्ष मॉनिटरवर, तितकंच लघवीच्या पिशवीवर असतं.

ऑपरेशनमध्ये रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. तेव्हा किडनीला नेहमीसारखं ठोक्याठोक्याने रक्त मिळत नाही, काही तांबड्या पेशीही फुटतात. नंतर एक-दोन दिवस हृदय थकलेलं राहिलं, रक्तदाब उतरला, की त्याची झळ किडनीला लगेच लागते. बहुतेक मुलं यातून सावरतात.

आपलं बाळ 6 किलोचं. सलग 6 तास लघवी ताशी 3 मिलीच्या खाली राहिली, तर किडनीला इजा झाली असं धरतात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढायला एक-दोन दिवस लागू शकतात, म्हणून सिस्टर तासातासाला लघवी मोजेल. घाबरू नकोस. लॅसिक्स या औषधाने लघवी सुटते, पण किडनी बरी होत नाही; त्यासाठी रक्तदाब टिकवावा लागतो आणि अंगात पाणी साचू द्यायचं नसतं. काही ठिकाणी लहान बाळांच्या पोटात डायलिसिसची बारीक नळी ऑपरेशनच्या वेळीच, खबरदारी म्हणून ठेवतात. ती दिसली तर खचू नकोस.

हल्ली त्याला अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली असतील किंवा डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर डॉक्टरांना तारखांसकट सांग. दोन्हींचा भार किडनीवर पडतो.

खरी काळजी मला घरी आल्यानंतरची वाटते. गेल्या वर्षी एक मूल डिस्चार्जनंतर आठवड्यात जुलाब होऊन परत आलं. लघवीची औषधं चालूच होती, अंगातलं पाणी आटलं आणि लघवी जवळजवळ बंद झाली. चार दिवस आम्हा कुणाला चैन नव्हतं. सावरलं ते. म्हणून जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, औषधं चालू ठेवायची का ते विचार. तापाला आयबुप्रोफेन मनाने देऊ नकोस.

आणि किडनीला इजा झालीच, तर क्रिएटिनिन उतरलं म्हणून विसरू नका. गेलेले नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या, पुन्हा तयार होत नाहीत, उरलेल्यांवर भार येतो. 3 महिन्यांनी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या, पुढेही अधूनमधून.

रिपोर्टचे फोटो पाठव. ऑपरेशनआधीचा क्रिएटिनिनचा आकडा नीट दिसेल असा काढ, नंतर तुलनेला तोच लागेल.

तुझी,
धाकटी