सिगरेट सोडली तरी तपासणी हवीच

संपादक महोदय,

माझ्या वडिलांनी सिगरेट सोडून 9 वर्षं झालीत, त्यामुळे आता काही काळजी नाही असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो, पण जिना चढताना ते अर्ध्यावर कठडा धरून थांबायचे आणि "वय झालं रे" म्हणायचे. शेवटी स्पायरोमेट्री केली, म्हणजे नळीत जोरात फुंकायची साधी टेस्ट, तेव्हा कळलं की सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. खोकल्याला 'स्मोकरचा खोकला' म्हणून सोडून देतात ना, तिथंच घात होतो.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं तर आणखी वेगळं, सुरुवातीला बहुतेकदा काहीच त्रास होत नाही आणि साध्या एक्स-रेत छोटी गाठ सुटू शकते. 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात एक्स-रेऐवजी लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणांचा छातीचा स्कॅन, केलेल्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी दिसले. तिथं आता 50 ते 80 वयाच्या, रोज एक पाकीट असं 20 वर्षं ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा 15 वर्षांच्या आत सोडलेल्या लोकांना दरवर्षी हा स्कॅन सुचवतात. कधीकधी कॅन्सर नसलेली साधी गाठही दिसते आणि उगाच धास्ती बसते, हे खरंय, म्हणून आधी डॉक्टरांशी नीट बोला. पण सोडलेल्यांनाही विचारा हो, त्यांना कुणी विचारतच नाही.

– एक वाचक