सूज रिपोर्टात की हिरडीत?

महोदय,

'तुमचे खरे वय किती?' असे विचारणारी तपासण्यांची पॅकेजे हल्ली ज्येष्ठांना विकली जात आहेत. आमच्या सोसायटीतही शिबिर झाले. माझ्या रिपोर्टात एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज किंवा दाह दाखवणारा रक्तातला आकडा, ४.६ आला, पुढे तांबड्या अक्षरांत 'जास्त' आणि सोबत हळदीच्या गोळ्यांचे पत्रक. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

आमचे डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारले, "बाई, दात घासताना रक्त येतं का?" येत होते, वर्षभर तरी. वयच झाले, म्हणून मी सोडून दिले होते. सुजलेल्या हिरड्यांनीही सीआरपी चढू शकतो. शिवाय त्या आठवड्यात मला सर्दी होती, आणि सर्दीतही तो चढतो. शिबिरात हे कुणी विचारलेच नाही. हिरड्यांवर उपचार घेतल्यावर तीन महिन्यांनी आकडा २.१ आला. श्रेय हिरड्यांचे की गेलेल्या सर्दीचे, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

शरीरात धुमसत राहणाऱ्या दाहाचा म्हातारपणाशी संबंध आहे, हे खरेच. इटलीच्या क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली त्याला 'इन्फ्लेमेजिंग' असे नाव दिले. थकलेल्या पेशी मरत नाहीत, बसल्या जागी दाहक रसायने सोडत राहतात. पोटातली चरबीही तेच करते, आणि ती वरून दिसतेच असे नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

पण २०२५ मधल्या एका अभ्यासात इटली आणि सिंगापूरमध्ये वयाबरोबर वाढणारा हा दाह बोलिव्हियाच्या त्सिमाने आदिवासींत तसा वाढताना दिसला नाही. तेव्हा सगळे वयाच्या माथी मारता येत नाही. औषधाने तो विझवणेही सोपे नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कॅनाकिनुमॅब या दाहविरोधी औषधाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले.

महापालिकेने ज्येष्ठांच्या शिबिरांत एक दंतवैद्य बसवावा आणि कमर मोजायला टेप ठेवावी, एवढीच विनंती. आमच्या शिबिरात दोन्ही नव्हते. गोळ्यांचे टेबल मात्र दारातच मांडले होते.

— एक निवृत्त शिक्षिका, पुणे