फोंडा तालुक्यातील कुटुंब मध्यस्थी केंद्रासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमचे महिला मंडळ आपल्याला हळदीकुंकू, फुगडीचे पथक आणि शिवणवर्ग यांमुळे ठाऊक आहे. गेली काही वर्षे शिवणवर्ग सुटला तरी काही बायका मागे रेंगाळतात आणि मग हळूहळू घरचे सांगू लागतात. नवऱ्याने बोलणे टाकले आहे, मुलाला घेऊन माहेरी आले आहे, कोर्टाची नोटीस आली आहे आणि ती कोणाला दाखवावी ते कळत नाही. अलीकडे पुरुषही येतात, बहुधा बहिणीला सोबत घेऊन. मुलीचे तोंड किती दिवसांत पाहिले नाही, एवढेच सांगतात आणि गप्प बसतात. अशा घरांतल्या माणसांना शांतपणे बसून बोलता यावे आणि ते बोलणे घडवून आणायला प्रशिक्षण घेतलेली माणसे मिळावीत, म्हणून मंडळाने कुटुंब मध्यस्थी केंद्र सुरू करायचे ठरवले आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. ‘जुळवून घे गो’ म्हणून मुलीची समजूत काढून तिला परत पाठवण्यासाठी हे केंद्र नाही. तशा बैठका घरोघरी होतातच. वडीलधारे बसतात, कोणीतरी वजनदार माणूस निकाल देतो आणि मान खाली घालावी लागते ती बहुतेक वेळा सुनेला. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोघांना समोरासमोर बसवतो, मग एकेकट्याशी बोलतो. एकाने एकांतात सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर जात नाही. पटले नाही तर कोणीही, कधीही उठून जाऊ शकते. संसदेने 2023 साली मध्यस्थी कायदा केला, त्यातही गोपनीयतेवर भर आहे. आमच्याकडे पहिल्याच दिवशी दोन्ही पक्षांकडून आणि मध्यस्थाकडून तसे लिहून घेतले जाईल. बोलण्यातून संसार पुन्हा रुळावर आला तर आनंदच आहे. पण दोघांनी विचारांती वेगळे व्हायचे ठरवले आणि मुलांची फरफट टळली, तर तेही आम्ही यशच मानू.

गोव्यात ही गरज जरा जास्तच आहे, कारण आपला कायदा वेगळा आहे आणि सल्ले मात्र बाहेरचे मिळतात. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि 1910 चा घटस्फोटाचा कायदा आजही इथे लागू आहेत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर काही अपवाद वगळता नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. घर किंवा जमीन विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. आता पाहा, दोघांत अबोला असेल तर बँकेचे कर्ज थकते, फ्लॅट विकता येत नाही, वडिलार्जित घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचे कोर्टातले काम, अडून राहते आणि दीर-नणंदांचीही कामे त्यात अडकतात. सिव्हिल रजिस्ट्रारसमोर लग्नाच्या दोन्ही वेळच्या सह्या झाल्या पण धार्मिक विधीच्या आधीच बिनसले, अशीही जोडपी येतात. लोकांना वाटते, मांडव पडला नाही म्हणजे लग्न झालेच नाही. कायद्याने ते झालेले असते आणि त्यातून मोकळे व्हायला कोर्टातच जावे लागते. त्यात सावंतवाडी-बेळगावहून आलेल्या सुनेचे नातेवाईक फोनवर तिकडचे नियम सांगतात, ते इथे लागू पडतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणात वकिलाशी एक बैठक आधी, मगच मध्यस्थी, असा क्रम आम्ही ठेवला आहे.

बोलण्यातून काय हाती लागते याचे एक उदाहरण, दोन्ही घरांच्या परवानगीने आणि तपशील बदलून, इथे देते. नवरा जहाजावर नोकरीला, बायको इथे शाळेत, मुलगा सात वर्षांचा. पैशांचे आधी ठरले. अडले ते चवथीवर. वडिलांच्या मूळ घरी गणपती, माटोळी (गणपतीच्या वर फळा-पानांनी सजवून बांधतात ती चौकट), सगळा गोतावळा. आईला वाटत होते, एकदा मूल त्या घरी गेले की परत येणार नाही. सगळा वेळ त्यावरच जात होता. शेवटी मध्यस्थी करणाऱ्या वकीलबाईंनी दोघांना कोरा कागद दिला आणि मुलाचा चवथीचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जावा ते लिहायला सांगितले. माटोळी बांधताना मुलगा काकांजवळ असावा, हे आईनेही लिहिले होते. मग ठरले: चवथ बापाच्या घरी, विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी मामा आणायला जाईल, दिवाळी आईकडे, आणि बाप जहाजावर असताना दर रविवारी व्हिडिओ कॉल. कोर्टाच्या हुकूमनाम्यात माटोळी क्वचितच येते. पण भांडण तिथेच होते.

असा करार झाला म्हणजे घटस्फोट झाला, असे मात्र नव्हे. घटस्फोट कोर्टच देते. आमच्याकडे लिहिलेला मसुदा दोघांनी आपापल्या वकिलांना दाखवून कोर्टापुढे ठेवायचा.

मारहाण, धमकी, मुलांवर अत्याचार असेल तिथे आम्ही मध्यस्थीला बसवणार नाही. भीतीच्या छायेत झालेली संमती आम्ही संमती मानत नाही. अशा वेळी 181 ही महिला हेल्पलाइन, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि पोलीस यांच्यापर्यंत त्या बाईला आम्ही स्वतः सोबत घेऊन जाऊ. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे, हे आपल्या भागात अजून कितीतरी जणींना माहीत नाही. हे दोन्ही क्रमांक आपल्या घरात, वाड्यावर, देवळाच्या फलकावर लिहून ठेवा. यासाठी देणगी लागत नाही.

आता मागणे. मंडळाच्या इमारतीतली मागची खोली मोकळी आहे, पण तिचे छप्पर पावसाळ्यात गळते आणि तिला एकच दार आहे. दुसरे दार पाडणे फार महत्त्वाचे आहे. दोन्ही पक्ष एकाच व्हरांड्यात समोरासमोर ताटकळत बसले, तर आत येण्याआधीच आवाज चढतात, सोबत आलेले मामा-काका तर विचारूच नका. शेजारची अडगळीची खोली साफ करून तिथे मुलांसाठी चटई, रंग आणि थोडी पुस्तके ठेवायची आहेत. मध्यस्थांचे प्रशिक्षण 40 तासांचे असते. मंडळातल्या दोघी आणि निवृत्त झालेले एक शिक्षक ते घ्यायला तयार आहेत, त्यांचा खर्च मंडळाने उचलायचा आहे. सत्तरी-धारबांदोड्यातून येणाऱ्यांना बसभाडे द्यायचे आहे. रोजंदारीवरची बाई दिवस मोडून येते, तिच्याकडून आम्ही एक पैसाही घेणार नाही.

देणगी रोख, चेक किंवा बँकेतून, जशी ऐपत तशी द्यावी. पावती लगेच मिळेल आणि पै-पैचा हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवला जाईल. सुतार, गवंडी, इलेक्ट्रिशियन यांनी एखादा दिवस दिला तरी मोठे काम होईल. वकील, समुपदेशक, बालमानसतज्ज्ञ यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा अशी कळकळीची विनंती आहे. कोकणी आणि मराठी दोन्ही बोलणारे असतील तर फारच बरे. ज्यांना देणगीदार म्हणून नाव नको, त्यांनी तसे सांगावे.

मंडळाचे कार्यालय सोमवार ते शनिवार, संध्याकाळी 4 ते 7 उघडे असते. देणगी द्यायला या, आणि ज्यांना स्वतःच्या घरासाठी विचारायचे आहे त्यांनीही याच वेळेत यावे. कशासाठी आलात, हे दारात कोणी विचारणार नाही.

आपल्या,
मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने,
चिटणीस