जैवइंधनावरच्या खुल्या सभांसाठी मदत हवी आहे, आणि विरोधकही

सप्रेम नमस्कार,

आमचं अभ्यासमंडळ ऊर्जेच्या प्रश्नांवर खुल्या सभा घेतं. कुणीही यावं, ऐकावं, वाद घालावा. सौरऊर्जेवर सभा ठेवली की लोक येतात, माना डोलावतात आणि वेळेत घरी जातात. इथेनॉलचं, म्हणजे ऊस-मक्यापासून करून पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलचं, नाव काढलं की मात्र सभा उठता उठत नाही. कुणाला गाडीच्या मायलेजची काळजी, कुणाला शेतमालाच्या भावाची, कुणाला जंगलांची, तर कुणाला बाहेरून आणाव्या लागणाऱ्या तेलाची. प्रत्येकाकडे एक तरी खरा मुद्दा असतो, आणि बाकीच्यांचे मुद्दे बिनबुडाचे आहेत याची खात्रीही असते. हे भांडण नीट, आकडे समोर ठेवून, सगळ्यांसमक्ष व्हावं एवढीच आमची धडपड आहे. ती आता पदरमोडीवर चालेनाशी झाली, म्हणून हे आवाहन.

‘जैवइंधन (पिकांपासून किंवा सेंद्रिय कचऱ्यापासून केलेलं इंधन) चांगलं की वाईट?’ हा प्रश्न आम्ही सभेच्या सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. त्याऐवजी विचारायचं ते असं: कशापासून केलं, कुठल्या जमिनीवर पिकवलं, आणि ते नसतं तर तिथे काय असतं? पामतेलाचंच घ्या. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता. इंडोनेशिया-मलेशियातलं सखल भागातलं वर्षावन तोडून पाम लावला, तर जंगल तोडताना हवेत गेलेला कार्बन त्या पामतेलाच्या बायोडिझेलने (डिझेलऐवजी वापरायच्या, तेलापासून केलेल्या इंधनाने) भरून निघायला सुमारे ८६ वर्षं लागतात. दलदलीच्या, पीट जमिनीवर (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर असलेल्या) लावला तर ४००हून अधिक. तेच बायोडिझेल तळणीतून उरलेल्या तेलापासून केलं, तर त्यासाठी एकही झाड पडलेलं नसतं. टाकीत जाणारं इंधन जवळपास सारखंच, पण त्यामागची जमाखर्चाची वही वेगळी.

समर्थकांची आवडती गोष्ट म्हणजे १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर चाललेलं डिझेल इंजिन. गोष्ट खरी आहे. पण त्यातून इंजिन तेलावर चालतं एवढंच सिद्ध होतं. सगळी वाहनं चालवण्याइतकी जमीन आहे का, या प्रश्नाला त्या इंजिनाने कधी हात लावला नाही. मोगली एरंडाचं तसंच झालं. २०००नंतरच्या दशकात आशिया-आफ्रिकेत त्याचा मोठा गाजावाजा झाला: पडीक जमिनीवर येतो, पाणी लागत नाही, बियांतून तेल मिळतं. झाड पडीक जमिनीवर जगलं हे खरं, पण भरपूर बी हवं तर त्यालाही चांगली जमीन, खत आणि पाणी लागतंच, हे लागवड झाल्यावर कळलं. अशा वेळी आधी चार प्रश्न विचारणारी माणसं गावोगाव असती, तर बऱ्याच शेतकऱ्यांचे पैसे आणि वर्षं वाचली असती असं आमचं मत आहे.

विरोधकांनाही आम्ही सोडत नाही. ‘माणसांचं अन्न गाड्यांच्या पोटात’ हे घोषणेला छान आहे, पण मक्याचं इथेनॉल करताना फक्त पिष्ट वापरलं जातं. दाण्याच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश प्रथिनयुक्त चोथा उरतो आणि तो जनावरांच्या खाद्यात जातो. हे धरलं तर अन्नाचा प्रश्न संपत नाही, पण त्याचा आकार बदलतो. उलट नत्रखताचा मुद्दा विरोधकही अनेकदा विसरतात. शेतात टाकलेल्या खतातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापवणारा वायू आहे. पिकाने हवेतला कार्बन घेतला तोच धुराड्यातून परत गेला, हिशेब मिटला, असं म्हणणाऱ्यांची वही इथे अपुरी पडते.

ब्राझीलवर आम्ही एक अख्खी सभा घेतो, कारण तिथे हा प्रयोग लोकांनी अंगावर घेऊन पाहिला आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर १९७५ साली सरकारने उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम हाती घेतला. निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या खपू लागल्या. पुढे १९८९च्या सुमारास साखरेचे भाव चढले, कारखाने साखरेकडे वळले आणि पंपांवर इथेनॉल मिळेना. गाडी घेणाऱ्यांचा विश्वास उडाला तो बरीच वर्षं परत आला नाही. २००३पासून दोन्ही इंधनांवर, कुठल्याही प्रमाणात, चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा गाडं पुन्हा रुळावर आलं. या गोष्टीवर वाद रंगतो, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना हवं ते सापडतं आणि नको तेही.

नुसत्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये. म्हणून आम्ही मोजून दाखवतो. काचेच्या उभ्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यावर ९० मिलिलिटर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल ओतायचं, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत, पण इथेनॉलची ओढ पाण्याकडे असते. थोड्या वेळाने पाहिलं तर तळाचा थर १०च्या खुणेवरून २५च्या पुढे चढलेला असतो. मागच्या रांगेतले लोक उठून पुढे येतात ते याच वेळी. (हा प्रयोग उघड्यावर, विस्तवापासून लांब आणि जाणकाराच्या हातूनच करतो. घरी करू नये.) टाकीत पाणी शिरू का द्यायचं नाही, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

मग फळ्यावर गणित. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक (इंजिनात दाबाखाली अवेळी न पेटण्याचं माप) जास्त असल्याने त्याला साजेशा इंजिनात त्यातलं काही भरून येतं. मायलेज निम्म्यावर आलं म्हणणारे आणि काडीचाही फरक पडत नाही म्हणणारे, दोघेही या फळ्यासमोर जरा थबकतात.

पुढच्या सभा याहून अवघड विषयांवर आहेत. पिकं सूर्यप्रकाशातली जेमतेम एक टक्का ऊर्जा साठवतात, सौर पॅनेल सुमारे २० टक्के पकडतं. मग इंधनासाठी शेती करायचीच कशाला? दुसऱ्या बाजूने, विमानाच्या इंधनात किलोमागे आजच्या बॅटरीच्या चाळीसपटीहून जास्त ऊर्जा असते. मग लांब पल्ल्याची विमानं कशावर उडवायची? शेण आणि ओल्या कचऱ्यापासूनच्या बायोगॅसवर सहसा कुणी भांडत नाही, पण टाकी गळकी असेल तर सुटणारा मिथेन, तोही हवा तापवणारा वायू, सगळं पुण्य खाऊन टाकतो, आणि तेही तपासायला हवं.

यासाठी पैसे लागतात ते सभागृहाच्या भाड्याला, काचसामानाला, हातातल्या मिथेनमापकाला, पुस्तिकांच्या छपाईला आणि बाहेरून येणाऱ्या वक्त्यांच्या प्रवासखर्चाला. मानधन कुणालाच देत नाही, आम्हीही घेत नाही. रक्कम कितीही असो, पावती मिळेल आणि वर्षाचा जमाखर्च सभेतच वाचून दाखवला जाईल. वस्तूही चालतील: चालू स्थितीतला प्रोजेक्टर, घडीच्या खुर्च्या, फळा. इंधन, इंजिनं किंवा पॅनेल विकणाऱ्यांकडून मात्र आम्ही पैसे घेत नाही. त्यांनी वक्ते म्हणून जरूर यावं, प्रश्नांना उत्तरं द्यावीत, चहा आमच्याकडून.

पैशाहून जास्त चणचण आहे ती माणसांची. रसायनशास्त्र शिकवणारे, मेकॅनिक, साखर कारखान्यात किंवा आसवनीत काम केलेले, वनस्पतिशास्त्रज्ञ, अवघड अहवाल सोप्या मराठीत आणू शकणारे, असे कुणीही. आणि खास करून आमचं वरचं लिखाण वाचून ‘हे साफ चुकीचं आहे’ असं ज्यांना वाटलं असेल ते. सध्या दोन्ही बाजू बऱ्याचदा आम्हालाच मांडाव्या लागतात, आणि मनापासून न पटलेली बाजू कुणी कितीही प्रामाणिकपणे मांडली तरी ती लेचीपेची होतेच.

देणगी मंडळाच्या नावानेच द्यावी. रोख दिल्यास पावती लगेच मागून घ्यावी. बोलायला यायचं असेल तर विषय आणि आपली बाजू सभेच्या आठवडाभर आधी कार्यकारिणीतल्या कुणालाही कळवा, म्हणजे समोरच्यालाही तयारीला वेळ मिळेल.

आपले,
कार्यकारिणी सदस्य