नाव लिनेआच का, ते सगळं

प्रिय आई आणि बाबा,

सा. न.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलीचं नाव लिनेआ सांगितलं तेव्हा तुम्ही दोघं एकदम "बरं बरं" म्हणालात ना, ते बरं बरं मला चांगलं ओळखता येतं, माझं लग्न ठरलं तेव्हाही हेच ऐकलं होतं. मग दादाकडून कळलं की आई म्हणाली "हे काय नाव, खोकल्याचं औषध वाटतंय". आई मी खूप हसले, पण म्हटलं आता सगळं नीट लिहूनच पाठवावं, कारण फोनवर काही सांगायला घेतलं की पिल्लू रडायला लागतं आणि विषय अर्धाच राहतो. आणि आई तू स्वतः चष्मा लावून वाच, बाबा मोठ्याने वाचताना मधलं मधलं गाळतात.

तर लिनेआ. मधल्या "ने"वर जोर द्यायचा आणि शेवटचा आ जरा सोडून द्यायचा, बास. बाबांनी विचारलं होतं हे ख्रिश्चन नाव आहे का, कुठल्या संत बिंतचं. नाही हो बाबा, हे एका रानफुलाचं नाव आहे. इथे स्वीडनमधल्या पाइनच्या जंगलात शेवाळावर पसरत जाणारी बारीकशी वेल असते, बोटभर उंचीचा देठ वर येतो, त्याला टोकाला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याला एक एक गुलाबी घंटी खाली मान घालून लटकते. दोनच, कायम जोडीने. जून-जुलैत फुलते. एका उन्हाळ्यात सासूबाईंनी मला जंगलात नेऊन दाखवली, मी आधी तिच्यावर पायच देणार होते इतकी ती लहान, मग गुडघे टेकून नाक अगदी जमिनीला लावलं तेव्हा वास आला, गोडसर, थोडा बदामासारखा. संध्याकाळी जास्त येतो म्हणे.

आता बाबा, इथून पुढे तुमच्या आवडीचं आहे. कार्ल लिनियस आठवतो ना, शाळेत जीवशास्त्रात द्विनाम पद्धत होती तोच. तो आमच्या उप्सालाचा. म्हणजे जन्म १७०७ चा, दक्षिणेकडे स्मोलांड म्हणून भाग आहे तिथला, पण प्रोफेसरकी सगळी इथे केली, त्याची बाग अजून आहे, कॅथेड्रलमध्ये त्याची समाधी आहे, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत शंभर क्रोनाच्या नोटेवर त्याचाच फोटो होता. ते फूल त्याचं लाडकं, म्हणून ग्रोनोवियस नावाच्या डच वनस्पतीशास्त्रज्ञाने त्या फुलाला त्याचं नाव दिलं. त्यावर लिनियसने स्वतः लिहून ठेवलंय की लॅपलँडमधली ही क्षुद्र, दुर्लक्षित, थोडाच काळ फुलणारी वनस्पती माझ्यासारखीच आहे. बाकी माणूस स्वतःची भरपूर स्तुती करायचा, हा नम्रपणा तेवढा एका ओळीपुरता.

आणि त्याचं आडनाव कुठून आलं तर तेही मजेशीर आहे. तेव्हा इथे साध्या माणसांना आडनावच नसायचं, बापाचं नाव लावायचे. त्याचे वडील निल्स इंगेमार्सन, म्हणजे इंगेमारचा मुलगा निल्स, मुलगी असेल तर इंगेमार्सडॉटर. आपण मधे वडलांचं नाव लावतो ना, तोच प्रकार. मग निल्स युनिव्हर्सिटीत गेले तेव्हा आडनाव लागलं, तर त्यांनी घरच्या जमिनीवरच्या एका मोठ्या लिंडनच्या झाडावरून लिनियस असं लॅटिन आडनाव करून घेतलं. म्हणजे आधी झाड, झाडावरून माणूस, माणसावरून फूल आणि फुलावरून आता आमची तीन आठवड्यांची बाई. आई, तू माझं नाव ठेवताना आजीच्या अंगणातला जाईचा मांडव बघून ठेवलंस, मग मुलीचं फुलावरून ठेवलं तर त्यात एवढं परकं काय आहे सांग.

बाबा अजून एक. हापूसचं शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका, आणि त्याच्या शेवटी जो नुसता "एल." लिहितात तो हाच लिनियस. १७५३ च्या पुस्तकात त्याने ते नाव दिलं. वड, पिंपळ, सगळ्यांच्या मागे तोच एल. आणि हा गृहस्थ भारतात कधी आलाच नाही! आपल्याकडच्या झाडांसाठी त्याने जे ग्रंथ वापरले त्यातला मोठा म्हणजे हॉर्टस मलबारिकस, कोचीच्या डच गव्हर्नरने १६७८ पासून पुढे बारा खंडांत छापून घेतलेला, आणि त्यात काम कुणी केलं तर इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, आपु भट या तीन कोंकणी वैद्यांनी. त्या तिघांचं कोंकणीतलं, नागरी लिपीतलं पत्र त्या पुस्तकात छापलेलं आहे. हे मला इथे आल्यावर कळलं, रत्नागिरीत वीस वर्षं राहून कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा गावात कुणी विचारलं की हे कुठलं नाव, तर तुम्ही सरळ कलमाकडे बोट दाखवा.

आता पॉप्युलर आहे का ते. आहे, पण जरा गंमत आहे. मुलींचं नाव म्हणून हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं, विसाव्याच्या सुरुवातीला जोरात होतं, मग म्हातारं वाटायला लागलं, आणि १९८० नंतर परत आलं. २००० नंतरची काही वर्षं तर पहिल्या दहात असायचं. इथे लोक म्हणतात नावाला परत तरुण व्हायला शंभर वर्षं लागतात, म्हणजे ज्यांनी त्या नावाच्या म्हाताऱ्या बघितल्यात ते सगळे जायला लागतात, मगच नातवंडांना ठेवावंसं वाटतं. तुमच्या जावयाच्या पणजीचं दुसरं नाव लिनेआच होतं. आणि दुसरं नाव म्हणून ते कायमच चालत आलंय, इथल्या बायकांची सगळी नावं मोजली तर ते खूप वर येतं. सध्या वरच्या लिस्टमध्ये आलिस, वेरा, आल्मा, अस्त्रीद अशी नावं आहेत, त्यामुळे वर्गात चार चार लिनेआ नसतील, एखादी असेल, आणि स्पेलिंग मात्र कुणाला सांगावं लागणार नाही. माझं जाई नाव बघा ना, इथे "जे" (J) या अक्षराचा उच्चार य करतात, ऑफिसमध्ये इतकी वर्षं मी "याई" आहे. आधी सुधारत होते, आता मीही फोनवर याई म्हणूनच सांगते. तिला ते नको एवढंच मला वाटत होतं, बाकी तिचा बाप काही हट्टाला पेटला नव्हता, उलट त्याला अस्त्रीद हवं होतं.

माया का नाही असं वहिनी विचारत होती. खरंय, माया इथे अगदी इथलंच नाव आहे, बरीच वर्षं पहिल्या काहींत होतं, दोन्हीकडे चालतं. म्हणूनच इथल्या निम्म्या भारतीय घरांत एक माया आहे. आणि दुसरं म्हणजे माया आत्या. आई, तू रोज ते नाव प्रेमाने घेशील का, खरं सांग. देवीचं नाव हवं तर फ्रेया होतं, जुनी नॉर्डिक देवी, तिचा रथ मांजरं ओढतात, पण बाबांना मांजराची ॲलर्जी (हा जोक होता बाबा).

अजून एक चांगली गोष्ट, इथल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेला नावं छापलेली असतात आणि त्या नावाच्या माणसाला त्या दिवशी शुभेच्छा देतात, केकबिक आणतात. लिनेआचा दिवस १३ मे. तुमच्याकडे तेव्हा आंब्याची गडबड असते, पण एक फोन करायचा. आणि लाडाने लिनू म्हणा, लीना म्हणा, मला काही फरक पडत नाही. लिहिताना कधी कधी ई वर तिरकी रेघ देतात, आम्ही दिली नाही, ओसीआयच्या (परदेशी नागरिक असलेल्या भारतीयांच्या कार्डाच्या) फॉर्मवर ती रेघ टाइप करत कोण बसणार.

आता मुख्य काम. नाव इथे टॅक्स ऑफिसला कळवायचं असतं, जन्मापासून तीन महिन्यांत. वाट्टेल ते ठेवता येत नाही. १९९६ मध्ये एका जोडप्याने त्रेचाळीस अक्षरांचं नाव दिलं, मधे आकडेसुद्धा, आणि म्हणे उच्चार "आल्बिन", कोर्टाने नाकारलं. पण एकापेक्षा जास्त पहिली नावं ठेवता येतात आणि त्यातलं हाक मारायचं कुठलं ते आपण सांगायचं. तर लिनेआच्या पुढचं दुसरं नाव आई तू ठेवायचं आहेस. आम्ही दोघांनी ठरवलंय, यात औपचारिकता काही नाही, ते पासपोर्टवर येणार. गुरुजींनी "स" अक्षर काढलंय ना, मग त्यावरून बघ, नाही जमलं तर दुसरं बघ, पाळण्यातलं नाव वेगळं ठेवलंस तरी चालेल.

फक्त ज नको. जुई सुचवशील हे माहितीये, तिची "युई" होईल, एका घरात याई आणि युई बस झालं. आणि क नंतर ए किंवा ई आली तर इथले लोक क चा श सारखा काहीतरी करतात, म्हणजे केतकी ठेवलं तर शाळेत हजेरीला "शेतकी" येण्याची भीती आहे. ळ तर विसरूनच जा. सावनी, सई, अनन्या, मुक्ता, असलं काहीही बिनधास्त चालेल.

दोन-तीन नावं लिहून पाठव, व्हॉट्सॲपवर नको, तिथे मावशी, काकू सगळ्यांची मतं सुरू होतील आणि महिना त्यातच जाईल. बाबांना सांग, मेल करतील. फॉर्म पंधरा तारखेच्या आत टाकायचाय. बारसं डिसेंबरात रत्नागिरीलाच करू, हॉल बुक करायची घाई करू नका, घरीच करू, माणसं पन्नासच्या वर नकोत, आणि सासूबाई येणार आहेत तर त्यांना कमी तिखट.

डिंकाचे लाडू संपले. सांगायला लाज वाटते पण निम्मे जावयाने खाल्ले.

तुमची,
जाई