वेंगुर्ला रॉक्सवर बोटीतून उंदीर उतरवू नका

संपादक महोदय,

निवतीच्या समुद्रात निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवून पाणबुडीतून पर्यटन सुरू करण्याची योजना आहे. आमच्या पोरांना काम मिळेल, आनंदच आहे. पण जवळच वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटं आहेत. तिथे सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी उघड्या कातळावर अंडी घालतात आणि गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत. बोटी वाढल्या की प्लास्टिक आणि गोंगाटावर लोक बोलतील, उंदरांचं नाव कोणी काढणार नाही. म्हणून हे पत्र.

मी जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होतो. धक्क्याला लागलं की प्रत्येक दोरावर पत्र्याची गोल तबकडी, म्हणजे रॅट गार्ड, चढवायची हे आमचं काम. उंदीर दोरावरून डोंबाऱ्यासारखा चालत येतो, आणि जहाज बंदरातून सुटलं की पुढच्या बंदरात उतरतो. मोठ्या जहाजांना याबाबत आरोग्य खात्याचा दाखला लागतो. तांदळाची गोणी, सिमेंट, जाळी घेऊन जाणाऱ्या छोट्या होडीला कोण विचारतो?

मालदीवच्या दक्षिणेला चागोस बेटं आहेत. तिथे काही बेटांवर जुन्या जहाजांतून उंदीर पोचले, काहींवर नाही. 2018 साली शास्त्रज्ञांनी बारा बेटांची तुलना केली. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता 760 पट जास्त निघाली. मासेमारांनी पुढचं नीट वाचावं: पक्ष्यांची विष्ठा पावसाने समुद्रात उतरते आणि तिच्यातला नायट्रोजन प्रवाळाला, शेवाळाला मिळतो. त्यामुळे उंदीर नसलेल्या बेटांभोवती मासळीही जास्त होती.

समुद्रपक्षी बेट निवडतो तेच तिथे चारपायी शत्रू नाही म्हणून. बचाव कसा करायचा हे त्याच्या रक्तातच नाही. काही सुरय तर एका वेळी एकच अंडं घालतात. ते उंदराने खाल्लं की बहुतेकदा तो हंगाम गेला.

एकदा उंदीर रुजला की काढायला काय लागतं, ते दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर दिसलं. सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून आलेला उंदीर तिथे दोनशे वर्षं राहिला. 2011 ते 2015 या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, नंतर शिकवलेली कुत्री फिरवून खात्री केली, आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. फक्त त्याच बेटावर राहणारी तीरचिमणी पुन्हा वाढू लागली. तेवढे पैसे आपल्या खडकांसाठी कोण देणार?

आपल्याकडे इलाज स्वस्त आहे. पर्यटन परवान्यातच अट घाला: खडकाजवळ जाणाऱ्या प्रत्येक बोटीत सापळे हवेत, सामान बंद डब्यांतून न्यावं, आणि खडकावरच्या दीपगृहाच्या उतरण्याच्या जागी वनखात्याने कायमचे सापळे ठेवून ते दर महिन्याला तपासावेत. पर्यटकांना खडकावर उतरायची परवानगी तर देऊच नये. खर्च एका बॅनरइतकाही येणार नाही, आणि बॅनर तर लागणारच आहेत.

– एक निवृत्त सारंग, वेंगुर्ले तालुका