पामतेलाचा हिशेब मुळांपासून व्हावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की पामतेलाचा डबा किती रुपयांनी चढला, याची बातमी आपल्या अंकात ठळक येते. ते तेल कुठल्या जमिनीतून येते, हे मात्र वाचायला मिळत नाही. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आपला, म्हणून हे पत्र.

सुमात्रा आणि बोर्निओतल्या सखल, दलदलीच्या जंगलांखाली पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर आहेत, काही ठिकाणी दहा मीटरहून खोल. हे पीट मुख्यतः मुळांचे असते. पडलेला पाला उष्ण हवेत लवकर कुजतो. मुळे पाण्याखाली मरतात, तिथे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून ती टिकतात. वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर, असा हा साठा हजारो वर्षे चढत आला आहे.

त्याचा नाश व्हायला सगळे जंगल तोडावे लागत नाही. चोरटे लाकूडतोडे ओंडके तरंगत न्यायला चर खणतात आणि त्यातून दलदलीचे पाणी निघून जाते. वरच्या थरात हवा शिरली की जुनी मुळे कुजू लागतात आणि त्यांतला कार्बन हवेत जातो. झाडे विरळ झाल्याने नव्या मुळांची भरही कमी पडते. मिळकत आटली आणि मुद्दलही संपत चालले, अशी ही अवस्था. त्या जागी नेचे वाढतात आणि लांबून सगळे हिरवेच दिसते. जंगलातला कार्बन मोजताना छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर घेतात आणि मुळांसाठी बहुधा ठरावीक गुणोत्तर लावतात. यात खालचे पीट मोजले जात नाही, म्हणून पीटच्या जंगलात एवढ्यावर थांबणे मला धोक्याचे वाटते.

बोर्निओच्या इंडोनेशियाकडील भागात, मध्य कालीमंतानात काय झाले ते पाहा. 1995 साली सुहार्तो सरकारने तिथली सुमारे दहा लाख हेक्टर जमीन भातासाठी घ्यायचे ठरवले आणि चार हजार किलोमीटरहून अधिक कालवे खणले. भातशेती फसली. 1997 च्या एल निनोच्या दुष्काळात ती वाळलेली जमीन पेटली. आम्हा कोकणवासीयांना वणवा ठाऊक आहे. गवत जळते आणि पावसाळ्यात पुन्हा फुटते. तिथली आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसते आणि जमीनच खाते. त्या वर्षी इंडोनेशियात पीट आणि झाडोरा मिळून 81 ते 257 कोटी टन कार्बन हवेत गेला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

सगळे पामचे मळे पीटवर नाहीत. जे आहेत, तिथे पाण्याची पातळी अर्धा-पाऊण मीटर खाली न्यावी लागते, कारण तुंबलेल्या पाण्यात पाम नीट वाढत नाही. मग जमीन वर्षाला पाचेक सेंटीमीटर खचत राहते आणि पामची झाडेही कलंडतात. इंडोनेशियाने 2016 मध्ये पीट पुन्हा ओले करण्यासाठी स्वतंत्र संस्था नेमली, कालव्यांना बांध घातले गेले. याने कुजणे मंदावेल. गेलेला थर आपल्या नातवंडांच्या हयातीतही भरून येणार नाही.

पामतेल बंद करा, असे मी म्हणत नाही. रेशनच्या पामतेलावर आमच्या घरातल्या कितीतरी दिवाळ्या झाल्या. पण पीटमधले पाणी काढून केलेल्या मळ्यातले तेल आयातदारांनी घेऊ नये, आणि फरसाणाच्या पुड्यावर जिथे ‘पामोलिन’ छापतात, तिथेच ते पीटवरच्या मळ्यातले आहे की नाही हेही छापावे. आपल्या अर्थविषयक पानाने मोठ्या आयातदारांना हा प्रश्न विचारून त्यांची उत्तरे प्रसिद्ध करावीत, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, चिपळूण